वेल्सच्या खोऱ्यांत नोकरीला येणाऱ्या मराठी डॉक्टर आणि नर्स मंडळींना खुलं पत्र

प्रिय मित्रमैत्रिणींनो,

वर्षातून दोन-तीनदा तरी मला एखादा अनोळखी फोन येतो. आवाज तरुण, भाषा आपली. "ताई, तुमचा नंबर अमक्यांनी दिला. मला वेल्समध्ये पोस्टिंग मिळालंय. मर्थर की एबू व्हेल, असं काहीतरी गाव आहे. कसं आहे तिकडे? घर मिळेल ना? वर्षभर काढलं की कार्डिफला जाता येतं का?" घराचं मी सांगते, आपलं सामान कुठे मिळतं ते सांगते, पावसाचं तर सांगतेच. शेवटच्या प्रश्नापाशी मात्र अडखळते. त्याचं उत्तर फोनवर देण्याएवढं लहान नाही, म्हणून हे पत्र लिहायला बसले.

मी मिरजेला नर्सिंग शिकले आणि लग्न होऊन इकडे आले. दक्षिण वेल्सच्या कोळसा पट्ट्यात तीस वर्षं नोकरी केली, त्यातली बरीचशी छातीच्या विकारांच्या क्लिनिकमध्ये. आता निवृत्त आहे. पत्र लिहायचं बरेच दिवस मनात होतं, पण गेल्या दिवाळीच्या कार्यक्रमानंतर राहवेना. फराळाच्या टेबलाशी एक तरुण डॉक्टर म्हणाला, "या भागातले लोक काम करत नाहीत हो, नुसते आजारपणाचे दाखले मागायला येतात." आजूबाजूचे चार जण हसले. मी तेव्हा काही बोलले नाही, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. तेव्हा जे बोलायला हवं होतं ते आता सांगते.

माझ्या इथल्या पहिल्याच हिवाळ्यातली गोष्ट. एका आजोबांना सलाइन लावायचं होतं. शीर शोधताना त्यांच्या मनगटापाशी, बोटांच्या पेरांवर निळसर रेघा दिसल्या. तशीच एक भुवईच्या वर. मला माझ्या आजीच्या हातावरचं गोंदण आठवलं. मी विचारलं, "हे कुणी काढून दिलं?" म्हणाले, "कोळशानं, बाख." बाख म्हणजे वेल्श भाषेत लहान, आपण बाळा म्हणतो तसं. खाणीत खरचटलं की जखमेत कोळशाची पूड बसते. धुवायला तिथे पाणी कुठलं? वरून कातडी धरते आणि पूड आतच राहते, निळी होऊन, जन्मभर. त्यांनी मग एकेका रेघेचा पत्ता सांगितला. ही छत कोसळलं तेव्हाची, ही गाडीत हात सापडला तेव्हाची. अशा हातांची माणसं आता कमी उरली आहेत. पण आहेत, आणि ती तुमच्याच वॉर्डात येणार आहेत.

त्यांच्या तोंडी 'डस्ट' हा शब्द येईल, म्हणजे खाणीतल्या धुळीने होणारा फुफ्फुसांचा आजार. "वडिलांना डस्ट होती." न्यूमोकोनिओसिस हे लांबलचक नाव इथे कुणी घेत नाही. आणि त्याच्यापुढे आकडा येईल. "मला तीस टक्के होती, भावाला पन्नास." हे टक्के वैद्यकीय मंडळ ठरवायचं, त्यावर पेन्शनचे पैसे ठरायचे. माणसाच्या छातीत किती खाण उरली आहे ते टक्क्यांत मोजलेलं, आणि घरातल्या लेकराबाळांनासुद्धा तो आकडा पाठ. नवरा गेल्यावर तो डस्टनेच गेला, ब्राँकायटिसने किंवा हृदयाने नव्हे, हे ठरवायला त्याची फुफ्फुसं तपासायला पाठवावी लागत. इथल्या कितीतरी बायकांनी दुःखाच्या पहिल्या आठवड्यात त्या अहवालाची वाट पाहिली आहे. दीर्घकाळच्या ब्राँकायटिस आणि एम्फिसिमाला खाणकामगारांचा उद्योगजन्य आजार म्हणून मान्यता मिळायला 1993 साल उजाडलं, आणि तीसुद्धा 20 वर्षं जमिनीखाली काम केल्याचं दाखवलं तर. तोवर किती खाणी बंद झाल्या होत्या आणि किती माणसं गेली होती, याचा तुम्हीच विचार करा.

आता ज्या गावासाठी हे सगळं लिहिते आहे त्याकडे येते. ट्रेडीगर. सरहाउई नदीच्या अरुंद खोऱ्यातलं, ब्लायनाय ग्वेंट भागातलं गाव. कार्डिफहून तासाभराच्या आत पोचता येतं. मधोमध चौकात लाल रंगाचं ओतीव लोखंडाचं घड्याळ आहे, 1858 सालचं, 72 फूट उंच. ते पाहिलं की हे गाव आधी लोखंडाचं होतं हे लक्षात येतं. 1800 साली इथे लोखंडाचा मोठा कारखाना निघाला, त्याच्या भट्ट्यांना कोळसा लागला, आणि पुढे कोळसाच मुख्य धंदा झाला. बेडवेल्टी पार्कमध्ये कोळशाचा एक अखंड तुकडा ठेवलेला आहे, सुमारे 15 टनांचा. 1851 च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनासाठी तो खाणीतून काढला होता, पण नेताना फुटेल या भीतीने गावाबाहेर गेलाच नाही.

कारखान्याच्या भोवती घाईघाईने वस्ती वाढली, गटारं नव्हती, पाणी घाण. 1832-33 आणि 1849 मध्ये पटकीची साथ आली. त्या माणसांना गावातल्या स्मशानात जागा दिली नाही, लोक घाबरले होते. गावाबाहेर केव्हन गोलाय नावाच्या उघड्या माळावर त्यांना पुरलं. ते दगड अजून आहेत, काही कलंडलेले, काही अर्धे गवतात, आणि मेंढ्या त्यांच्यामधून चरत असतात. मी तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा मला पंढरपूरच्या वाटेवर पटकीने गेलेल्या वारकऱ्यांच्या घरच्या गोष्टी आठवल्या. गरिबाचं मरण सगळीकडे असंच वेशीबाहेर टाकलेलं. 1865 मध्ये गावच्या बेडवेल्टी खाणीत स्फोट झाला, 26 माणसं आणि पोरं गेली. आकडा लहान वाटेल, कारण या पट्ट्यातले पुढचे आकडे फार मोठे आहेत. 14 ऑक्टोबर 1913 ला सेंगेनिदच्या खाणीत एका सकाळी 439 कामगार आणि त्यांना वाचवायला गेलेला एक जण गेले. ब्रिटनच्या इतिहासात खाणीत एवढी माणसं दुसऱ्या कुठल्याच दिवशी गेलेली नाहीत. दक्षिण वेल्सने सर्वांत जास्त कोळसा काढला तोही त्याच वर्षी, 5 कोटी 60 लाख टनांहून अधिक.

ट्रेडीगरच्या कामगारांनी या सगळ्यातून एक गोष्ट उभी केली, आणि तुमचा पगार त्या गोष्टीतून येतो.

1890 च्या सुमाराला त्यांनी 'ट्रेडीगर मेडिकल एड सोसायटी' काढली. पगारातल्या प्रत्येक पौंडामागे 3 पेन्स कापून द्यायचे. जुन्या हिशेबाने एका पौंडाचे 240 पेन्स, म्हणजे शंभराला सव्वा. त्या पैशांतून सोसायटीने डॉक्टर नेमले, सर्जन नेमला, औषध बनवणारे, दंतवैद्य, फिजिओथेरपिस्ट, घरोघर फिरणारी नर्स. चष्मे आणि दातांच्या कवळ्यासुद्धा मिळत. नुसता खाणकामगार नव्हे, त्याची बायको, मुलं, घरची म्हातारी, सगळे त्यात. गावातले सुमारे 95 टक्के लोक या छत्राखाली आले. कारभार पाहायला कामगारांनी निवडून दिलेली समिती. म्हणजे डॉक्टरला नेमणारे कोण, तर कालपर्यंत त्याच्यासमोर टोपी काढून उभे राहणारे खाणकामगार. काही डॉक्टरांना हे बोचलं, आणि त्यांची नाराजी मला कळू शकते. पण ज्याच्या खिशातून पैसे जातात त्याला विचारायचा हक्क आहे, हे इथल्या माणसाने आपल्यापेक्षा फार आधी ओळखलं. 1904 मध्ये गावाने हॉस्पिटलही बांधलं, त्यालाही कामगारांच्या पगारातली वर्गणी.

या गावात चार्ल्स स्ट्रीटवर 15 नोव्हेंबर 1897 ला अनायरिन बेव्हन जन्मला. खाणकामगाराचा मुलगा. लोक त्याला 'नाय' म्हणत. शाळेत बोलताना अडखळायचा, मास्तरांचा मार खायचा. तेराव्या वर्षी टी ट्रिस्ट खाणीत कामाला लागला. टी ट्रिस्ट या वेल्श शब्दांचा अर्थ 'दुःखी घर'. काम सुटलं की तो वर्कमेन्स इन्स्टिट्यूटच्या वाचनालयात जाऊन बसायचा. तेही कामगारांच्याच पैशांतून चाललेलं. मग डोंगरावरच्या माळावर एकटाच फिरत कविता मोठ्याने म्हणायचा, जीभ सुटावी म्हणून. 1925 मध्ये त्याचे वडील डस्टने गेले, मुलाच्याच मिठीत. त्या वेळी हा आजार भरपाईच्या यादीत नव्हता, म्हणून घराला एक पेनीही मिळाली नाही. मला वाटतं बेव्हनचं सगळं राजकारण त्या एका खोलीतून निघालं. कुणाला ते भाबडं वाटेल. पण मी क्लिनिकमध्ये अशी मुलं पाहिली आहेत, बापाला श्वास पुरत नाही आणि मुलगा पाठीशी उशी धरून बसला आहे. त्या चेहऱ्यांवरून मी हे म्हणते.

1929 ला तो खासदार झाला, 1945 ला आरोग्यमंत्री. देशातल्या डॉक्टरांच्या संघटनेने 1948 च्या फेब्रुवारीत मतदान घेतलं, त्यात दहातले नऊ डॉक्टर सगळ्यांना मोफत उपचार देण्याच्या त्याच्या योजनेच्या विरोधात गेले. तो हटला नाही. 5 जुलै 1948 ला नॅशनल हेल्थ सर्व्हिस (एनएचएस) सुरू झाली. आपल्या गावाला जे एका पिढीपासून मिळतंय तेच साऱ्या देशाला देतोय, देशाचं ट्रेडीगर करतोय, असं तो सांगायचा. तीन वर्षांनी सरकारने चष्मे आणि कवळ्यांना पैसे लावले, तेव्हा त्याने मंत्रिपद सोडलं. चष्मा आणि कवळी! बाहेरच्याला क्षुल्लक वाटेल. ट्रेडीगरच्या माणसाला ते 3 पेन्स आठवतात.

तुमच्यातल्या प्रत्येकाच्या गळ्यात एनएचएसचं ओळखपत्र असतं. ते आपल्याला लंडनने दिलं असं आपण समजतो.

डॉक्टर मंडळींना आणखी दोन नावं सांगते, तुम्ही परीक्षेला वाचली असतील. कॉक्रन हे नाव तुम्ही उपचारांच्या पुराव्यांच्या आढाव्यांवर रोज पाहता. आर्ची कॉक्रन कार्डिफजवळच्या लँडॉक हॉस्पिटलमधल्या न्यूमोकोनिओसिस संशोधन विभागात होते. 1950 पासून त्यांनी ऱ्हाँडा व्हाख खोऱ्यात घरोघर फिरून छातीचे एक्स-रे काढले, आणि त्या कामाला खाणीतून बाहेर पडलेल्या, खुद्द डस्ट असलेल्या माणसांना सोबत घेतलं. दहातल्या नऊपेक्षा जास्त लोक तपासणीला आले. दुसरे ज्युलियन ट्यूडर हार्ट. ग्लिनकोरुग नावाच्या एवढ्याशा खाणगावात त्यांनी डॉक्टरकीची बरीचशी वर्षं काढली. ज्यांना दवाखान्याची गरज सर्वांत जास्त, त्यांच्याच वाट्याला तो सर्वांत कमी येतो, हा त्यांचा 1971 मधला नियम जगभर शिकवतात. मोठ्या शहरातल्या मोठ्या पदांचा त्यांना मोह पडला नाही. "वर्षभर काढलं की बदली होते का?" या प्रश्नाशी मी का अडखळते, ते आता कळलं असेल.

आणि याच खोऱ्यांत 1960-70 च्या दशकांत आपले लोक आले. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका इथून आलेले डॉक्टर. शहरांतल्या चांगल्या जागा त्यांना मिळत नव्हत्या, खोऱ्यातला एकट्याने चालवायचा दवाखाना मिळायचा. ते राहिले. तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षं राहिले. म्हाताऱ्या बायका अजून सांगतात, आमचा डॉक्टर रात्री दोनला बर्फातून चालत आला होता. ते निवृत्त झाले आणि कित्येक दवाखान्यांना माणूस मिळेना. तुम्ही त्या खुर्चीत बसायला येताय.

आता कामचुकारपणाचं. मार्च 1984 मध्ये खाणी बंद करण्याविरुद्ध संप सुरू झाला आणि मार्च 1985 पर्यंत चालला. वर्षभर घरात पगार नाही. ब्रिटनच्या इतर भागांत लोक हळूहळू कामावर परतले, दक्षिण वेल्समध्ये शेवटच्या आठवड्यातही दहातले नऊ बाहेरच होते. बायकांनी सामुदायिक स्वयंपाक चालवले, धान्याची पाकिटं वाटली. मग संप फसला आणि खाणी एकेक करून मिटल्या. सरहाउई खोऱ्यातली ओकडेल 1989 ला बंद झाली. टी ट्रिस्ट तर त्याआधीच, 1959 ला. जिथे बाप, आजा, पणजा कामाला गेला ते फाटक बंद झालं, आणि त्याच्या जागी दुसरं फाटक उघडलं नाही. अशा गावात पन्नाशीतला माणूस पाठ धरून, छाती धरून दाखला मागायला येतो. त्याला हसण्याआधी त्याचा हात बघा. मुलाच्या हातावर निळी रेघ नसेल, पण बेकारीत वाढलेली ती दुसरी पिढी आहे, आणि तिचे आजार एक्स-रेत दिसत नाहीत.

या गावाला मी देव्हाऱ्यात बसवत नाही. ऑगस्ट 1911 मध्ये याच ट्रेडीगरमध्ये जमावाने ज्यूंची दुकानं फोडली, लुटली, आणि दंगल आसपासच्या गावांत पसरली. शेवटी सैन्य आणावं लागलं. उपाशी, चिडलेली माणसं आपल्याहून वेगळ्या दिसणाऱ्या शेजाऱ्यावर उलटली. आपण इथे परके म्हणून येतो, तर हेही माहीत असलेलं बरं. मलाही बसमध्ये दोनदा वेडंवाकडं ऐकावं लागलंय. आणि त्याच बसमधल्या एका बाईने मला घरापर्यंत सोडलंय, हेही तितकंच खरं.

एक गोष्ट सांभाळून बोला: ॲबरव्हॅन. 21 ऑक्टोबर 1966, सकाळी सव्वानऊ. खाणीतून निघालेल्या दगडमातीचा डोंगरावरचा ढीग पावसाने सुटला आणि शाळेवर आला. 116 मुलं, 28 मोठी माणसं. ढीग झऱ्यावर रचलेला होता, गावाने आधी तक्रारी केल्या होत्या. चौकशीत कोल बोर्ड, म्हणजे खाणी चालवणारं सरकारी मंडळ, दोषी ठरलं. तरी डोंगरावरचे उरलेले ढीग हलवायला दीड लाख पौंड त्या मुलांच्या मदतनिधीतूनच घेतले. ते 1997 मध्ये परत मिळाले, व्याजाशिवाय. त्या दिवशी वर्गात असलेली आणि वाचलेली मुलं आज सत्तरीच्या आसपास आहेत. तुमच्या ओपीडीत येतील. पावसाळी रात्री झोप येत नाही म्हणतील. लगेच गोळी लिहू नका, कुठल्या गावचे आहात ते विचारा. वेल्समध्ये असे जुने ढीग अजून अडीच हजारांहून जास्त आहेत. नोव्हेंबर 2024 च्या वादळात आमच्या ब्लायनाय ग्वेंटमध्येच, कमटिलेरीला, एक ढीग घसरला आणि लोकांना रात्री घरं सोडावी लागली. त्या आठवड्यात माझ्या शेजारच्या ऐंशीच्या आजी कपडे न बदलता, बूट घालूनच खुर्चीत झोपत होत्या. आमच्या गल्लीवर कुठलाही ढीग नाही. तरी.

माझं मागणं फार नाही. छातीचा पेशंट आला की "काय काम करत होता?" एवढ्यावर थांबू नका. जमिनीखाली किती वर्षं, कोळसा तोडायला की बोगदा खोदायला, कुठल्या खाणीत, ते विचारा आणि केसपेपरवर लिहा. 'निवृत्त' असं एका शब्दात लिहू नका. त्या एका ओळीवर त्याचा उद्योगजन्य आजाराचा भत्ता अडकलेला असतो. तो गेला आणि आजार खाणीतला असण्याची शक्यता असेल तर मृत्यूच्या दाखल्याआधी कॉरोनरला, म्हणजे मृत्यूच्या कारणाची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला, कळवावं लागतं. घरच्यांना ते का करतोय ते बसून, शांतपणे सांगा. नर्स मुलींनो, ते "लव्ह", "बाख" म्हणतील, त्यात अपमान मानू नका, ते मायेने म्हणतात. चहा विचारला तर घ्या.

आणि पहिल्या सुट्टीला ब्रेकनच्या डोंगरात धबधबे बघायला जाल तेव्हा हेड्स ऑफ द व्हॅलीज रस्त्यावरून तुमची गाडी ट्रेडीगरच्या डोक्यावरूनच जाईल. तिथे खाली उतरा. घड्याळ बघा, पार्कातला तो कोळसा बघा. मग ट्रेडीगर आणि एबू व्हेल यांच्या मधल्या माळावर जा. तिथे बेव्हनच्या आठवणीसाठी उभे केलेले चार दगड आहेत. मोठा त्याचा, बाकीचे तीन त्याच्या मतदारसंघातल्या तीन गावांचे. याच जागी उभा राहून तो लोकांशी बोलायचा. वारा फार असतो, कानटोपी न्या. आणि मला फोन करून या. मी थर्मासमध्ये चहा आणते, आल्याचा.

तुमची,
सरहाउई खोऱ्यातली एक निवृत्त नर्स